अर्धा मिलिमीटर

मराठीतील ‘शिकलगार’ हा शब्द आता बहुतेक आडनावापुरताच उरला आहे. ‘सैकल’ म्हणजे धातूवर आणलेली झळाळी आणि ती आणणारा तो सैकलगार. फारसीच्या वाटेने हा शब्द आपल्याकडे आला आणि शिकलगार झाला. तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती घासूनपुसून लखलखीत करणे आणि त्यांना धार देणे हा त्याचा व्यवसाय. राजे गेले, तलवारी म्यानांत गंजल्या आणि शिकलगाराच्या हाती कोयते, विळ्या व कात्र्या आल्या. लहानपणी आमच्या वसईच्या वाडीत खांद्यावर चाक घेऊन धारवाला येई, तेव्हा त्याच्या सहाणेवरून उडणाऱ्या ठिणग्या पाहत आम्ही मुले शाळेची वेळ विसरून जात असू. पुढे मी आयटीआयमधून एका कारखान्याच्या टूलरूममध्ये शिरलो आणि चौतीस वर्षे पंच, डाय आणि दगड यांच्या सहवासात काढली, त्यामागे त्या ठिणग्या असाव्यात असे म्हणण्याचा मोह होतो. खरे कारण एवढेच की त्या वर्षी फिटरच्या जागा भरल्या होत्या आणि टूल अँड डाय मेकरच्या दोन-चार शिल्लक होत्या.

बंदुकीच्या कामासाठी दगड घेऊन बसणारा शिकलगार मात्र मला भेटला तो सातासमुद्रापलीकडे, माझ्या निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी. माझी धाकटी मुलगी परिचारिका आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात प्वेब्लो नावाचे पोलादाचे गाव आहे, तेथे ती आपल्या कुटुंबासह राहते. २०२३ सालच्या उन्हाळ्यात मी पाच महिने तिच्याकडे होतो. दिवसभर घरात मी एकटाच. टीव्ही पाहण्याची मला सवय नाही आणि पायी हिंडावे तर त्या गावात पायी हिंडणाऱ्याकडे लोक वळून वळून पाहतात. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या गॅरेजमधून येणाऱ्या एका आवाजाने माझे लक्ष वेधले. तेल लावलेल्या दगडावर पोलाद सरकते तेव्हा होणारा तो आवाज ज्याने आयुष्यभर ऐकला आहे, तो तो झोपेतही ओळखील. मी कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि मी काय काम करीत होतो ते विचारले. मी टूलमेकर असे सांगताच त्यांनी एक स्टूल पुढे सरकवले. कारागिरांची ओळख व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

हे गृहस्थ गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे परवानाधारक कारागीर. त्यांचे शिक्षण प्वेब्लोच्या दक्षिणेस सव्वा-दीड तासाच्या अंतरावर असलेल्या त्रिनिदाद गावी झाले. स्पॅनिशमध्ये त्रिनिदाद म्हणजे पवित्र त्रैक्य! तेथील सरकारी महाविद्यालयात १९४७ सालापासून गनस्मिथचा अभ्यासक्रम शिकवला जातो. महायुद्धावरून परतलेल्या तरुणांच्या हाताला काम मिळावे हा त्यामागचा हेतू होता. याच गावी १८७२ साली सिस्टर ब्लँडिना सेगाले ही बावीस वर्षांची धर्मभगिनी मुलांना शिकवण्यासाठी एकटी येऊन पोहोचली होती. एकावर गोळी झाडणाऱ्या माणसाला फासावर लटकवायला जमाव टपला असताना तिने त्याला मरणासन्न जखमीच्या बिछान्यापाशी नेले, क्षमा मागायला लावली आणि त्याला जमावाच्या हातून वाचवले, असे तिच्या रोजनिशीत आहे. ज्या गावात तिने हे केले त्याच गावात पुढे बंदुका जुळवण्याचे शिक्षण मिळू लागले, याची मला थोडी गंमत वाटली आणि थोडे वाईटही वाटले.

वाचकहो, आपल्या या त्रैमासिकात बंदुकीचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझ्या मुलीच्या मनात तर ते रोजच येत असे. ती तेथील इस्पितळाच्या अपघात विभागात काम करते. तिच्या घरात बंदूक नाही आणि कधी येणारही नाही. तलवारींचे फाळ करण्याविषयी यशया संदेष्ट्याने जे सांगितले आहे ते मलाही ठाऊक आहे. तरीही मी त्या गॅरेजमध्ये जात राहिलो, कारण तेथे जे पाहिले ते प्रामुख्याने बंदूक उडू नये यासाठी केलेले काम होते.

उंदराच्या पिंजऱ्याची आठवण करा. दार ताणलेल्या स्प्रिंगने ओढले जात असते आणि एक बारीकसा आकडा त्याला थोपवून धरतो. उंदराने भजे ओढले की आकडा निसटतो आणि दार धाडकन बंद होते. पिस्तुलाची यंत्रणा तत्त्वतः याहून वेगळी नाही. मागे ओढून ठेवलेला ‘घोडा’ म्हणजे ते ताणलेले दार. बोटाने ओढायचा तो ‘चाप’. आणि या दोहोंच्या मध्ये बसून घोड्याला अडवणारा जो लहानसा पोलादी तुकडा, त्याला इंग्रजीत सिअर म्हणतात. मराठीत त्याला रूढ शब्द नाही. मी येथे त्याला ‘खटका’ म्हणणार आहे. खटक्याचे टोक घोड्याच्या पायथ्याशी कोरलेल्या दोन बारीक दातांत अडकलेले असते. चाप ओढला की खटका किंचित फिरतो, दातांतून निसटतो आणि घोडा पुढे आदळतो.

माझ्या शेजाऱ्यांच्या टेबलावर बहुधा ज्या पिस्तुलाचे भाग पडलेले असत, त्याची रचना जॉन मोझेस ब्राउनिंग या विख्यात संशोधकाची. २९ मार्च १९११ रोजी अमेरिकेच्या सैन्याने ते स्वीकारले, म्हणून त्याचे नावच ‘१९११’ पडले; १९८५ पर्यंत ते त्या सैन्याचे मुख्य पिस्तूल होते. नेमबाजीच्या स्पर्धांतील त्याची लोकप्रियता आजही ओसरलेली नाही. सैन्यासाठी बनवलेल्या पिस्तुलाचा चाप ओढायला पाच-साडेसहा पौंडांचा, म्हणजे अडीच किलोंच्या आगेमागे जोर लागतो. सैनिकाच्या घाईगर्दीत तेवढा जडपणा हवाच. परंतु नेम धरून कागदाच्या मधोमध गोळी मारू पाहणाऱ्याला तो जडपणा नडतो. चाप ओढताना तो अडखळत, खरडत सरकला तर हात हलतो आणि नेम चुकतो. म्हणून नेमबाज आपले पिस्तूल गनस्मिथकडे आणतो आणि म्हणतो, चाप थोडा हलका करा आणि काच फुटावी तसा स्वच्छ तुटू द्या.

किती हलका करायचा याला मर्यादा आहेत. पॅरिसच्या २०२४ सालच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या मनू भाकरने पदके मिळवली, तेव्हा ती वापरीत असलेल्या दहा मीटरच्या एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो आणि पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा १००० ग्रॅम. हे वजन चापाला प्रत्यक्ष टांगून पंच तपासतात. चाप सुटला तर पिस्तूल बाद. (त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, हे सांगितल्यावर माझ्या शेजाऱ्यांनी फोनवरून माझेच अभिनंदन केले! मी ते स्वीकारले.) घरात वा कमरेला बाळगायच्या पिस्तुलाला स्पर्धेचा नियम लागू नसतो, परंतु जाणता कारागीर तेथे अधिकच जड चाप ठेवतो. भेदरलेल्या माणसाच्या बोटात किती जोर येईल, याचा भरवसा नसतो.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. स्पर्धेसाठी जुळवलेल्या १९११ मध्ये घोड्याचे ते दोन दात साधारण अठरा ते वीस थाऊ उंच ठेवतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. टूलरूममध्ये आम्ही याच भाषेत बोलत असू. वीस थाऊ म्हणजे अर्धा मिलिमीटर. आपल्या अंगठ्याच्या नखाची जाडी जवळजवळ तेवढीच असते. भरलेल्या पिस्तुलाचा ताणलेला घोडा आणि गोळी यांच्यामध्ये एवढाच काय तो आधार! पिस्तुलाला इतर सुरक्षा-कळा आहेत, पण गोळी झाडायला सज्ज झालेल्या माणसाने त्या सोडलेल्या असतात. मग सारा भार या अर्ध्या मिलिमीटरवर येतो आणि त्या अर्ध्या मिलिमीटरवर काम करायचे ते दगडाने.

दगडांविषयी मात्र मला थोडे थांबावेसे वाटते. शेजाऱ्यांच्या लाकडी खोक्यात तीन प्रकारचे दगड होते. एक तांबूस-तपकिरी रंगाचा, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, कारखान्यात भाजून केलेला. अमेरिकेतील नॉर्टन कंपनी तो ‘इंडिया’ या नावाने विकते. आमच्या टूलरूममध्येही तो होता आणि अमेरिकेत बनलेल्या दगडाला भारताचे नाव कसे, यावर नव्या पोराला हमखास कोडे घातले जाई. दुसरा पांढराशुभ्र सिरॅमिकचा, जो वर्षानुवर्षे झिजत नाही. आणि तिसरा आर्कन्सॉचा. हा निसर्गाचा दगड. त्याचे शास्त्रीय नाव नोव्हाक्युलाइट. अतिसूक्ष्म कणांच्या गारेचाच तो एक प्रकार. आर्कन्सॉ राज्यातील वॉशिटा डोंगरात, हॉट स्प्रिंग्ज गावाच्या परिसरात त्याच्या खाणी आहेत. प्वेब्लो गावामधून वाहणारी आर्कन्सॉ नदीच पुढे त्या राज्यात जाते. हा दगड उजेडापुढे धरला तर त्याच्या कडेतून मेणबत्तीसारखा उजेड झिरपतो. तो पोलाद खात नाही म्हटले तरी चालेल, केवळ चाटतो. खरखरीत दगडाने आकार द्यायचा आणि याने शेवटचा हात फिरवायचा. दगडाची कड तुटलेली असेल, वा वापरून वापरून मध्ये खोलगट झाली असेल, तर तो दगड या कामाला निरुपयोगी. आमचे फोरमन सकाळी प्रथम प्रत्येकाचा दगड पाहत आणि मग माणूस पाहत.

दगड कितीही चांगला असला तरी तो हाताने धरला की एक अडचण उभी राहते. माणसाचा हात सरळ रेषेत चालत नाही. खांदा, कोपर आणि मनगट ही तिन्ही बिजागऱ्यांसारखी आहेत. त्यांच्यामुळे हात नेहमी कमानीत फिरतो. त्यामुळे पुढे सरकताना दगड एका बाजूला कलतो आणि मागे येताना दुसऱ्या. दहा-बारा हात फिरवले की सपाट पृष्ठभाग नकळत फुगीर होतो आणि काटकोनातली कड गोल होते. रुंद पृष्ठभागावर हा दोष चटकन दिसतो. खटक्याच्या तांदळाएवढ्या टोकावर तो डोळ्यांना दिसतच नाही, उलट ते टोक आरशासारखे चमकू लागते आणि काम उत्तम झाल्याचा भास होतो. चकाकी आणि सपाटी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना निवृत्तीपर्यंत उमगत नाही.

आमच्या टूलरूममध्ये यावरून कायमचा वाद असे. जुने उस्ताद हाताच्या कामाचा मोठा अभिमान बाळगीत. जिग, म्हणजे काम आणि हत्यार दोहोंना ठरल्या जागी बांधून ठेवणारे साधन, हे नवशिक्यांसाठी असते, असे त्यांचे मत. ‘जिग लागतो त्याने भजी तळावीत,’ असे आमचे एक उस्ताद म्हणत. त्यांचा हात खरोखर दैवी होता, हे मी मान्य करतो. परंतु तो हात त्यांच्याबरोबरच गेला. मी पहिल्यापासून जिगच्या बाजूचा. ज्या कामाच्या चुकीचा फटका दुसऱ्या कोणाला बसणार आहे, तेथे आपल्या हाताच्या कौतुकाला जागा नसावी, असे मला वाटते. डाय बिघडला तर मालकाचे पत्रे वाया जात, माझा वाद तेवढ्यापुरता असे. त्या गॅरेजमध्ये त्याला वेगळेच वजन आले.

शेजाऱ्यांचा जिग पितळी आगपेटीएवढा होता म्हटले तर थोडा लहान होईल, पण मुठीत मावेल एवढाच. रॉन पॉवर नावाच्या प्रसिद्ध अमेरिकन गनस्मिथने बनवलेले असे जिग तिकडे विकत मिळतात; यांच्याकडचा त्याच धर्तीचा होता. त्याची युक्ती पाहून मी मनातल्या मनात टोपी काढली. खटका पिस्तुलात ज्या पिनेवर फिरतो, नेमक्या त्याच मापाची पिन जिगमध्ये बसवलेली असते. खटका तिच्यावर अडकवायचा आणि मळसूत्राने घट्ट करायचा. म्हणजे त्याचे टोक पिस्तुलात जसे उभे राहील तसेच जिगमध्ये उभे राहते आणि प्रत्येक कोन त्या भोकाच्या मध्यापासून मोजला जातो. पाठीमागे कडक पोलादाचा एक रूळ असून तो स्क्रूने वर-खाली होतो. दगडाची एक बाजू या रुळावर टेकते आणि दुसरी खटक्याच्या टोकावर. रूळ चढवला की कोन एका अंगाला बदलतो, उतरवला की दुसऱ्या. स्क्रूच्या डोक्यावर खुणा कोरलेल्या. किती खुणा फिरवल्या म्हणजे किती कोन, हे वहीत लिहून ठेवलेले. हात कितीही थरथरला तरी दगड या दोन टेकूंना सोडून जाऊ शकत नाही. आणि माझ्या शेजाऱ्यांचा हात थरथरत होता. कॉफीचा कप ते दोन्ही हातांनी धरीत. दगड जिगवर टेकला की मात्र तो हात कोणाच्याही हातासारखा काम करी.

प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी ते टोकाला निळी शाई फासत. आमच्याकडेही हीच रीत. मग दगड हलकेच, एकाच दिशेने फिरवायचा, तीन-चार वेळा, आणि थांबून भिंगातून पाहायचे. निळाई जेथून गेली तेथे दगड लागला, जेथे राहिली तेथे नाही. सगळीकडून ती सारखी गेली की थांबायचे, त्यापुढे एकही हात फिरवायचा नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या काही भागांवर कडक पोलादाचे कवच काही थाऊंपुरतेच असते. हौसेने घासत गेले की कवच संपते आणि आतले मऊ लोखंड उघडे पडते. चाप तेव्हा लोण्यासारखा चालतो आणि काही महिन्यांत झिजून धोकादायक होतो.

कोनाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. खटक्याचे टोक दातांत असे बसले पाहिजे की चाप ओढताना घोडा सुटण्यापूर्वी केसभर मागेच सरकावा. म्हणजे घोड्याचा स्वतःचा जोर खटक्याला दातांत आणखी आत ओढतो. कोन जर उलट झाला, तर घोड्याचा जोरच खटक्याला बाहेर ढकलू लागतो. मग चाप विलक्षण हलका लागतो. अनभिज्ञ माणूस त्यावर खूश होतो. वस्तुतः त्या क्षणापासून ते पिस्तूल कोणाच्याही बोटाची वाट पाहत नाही. या दोन अवस्थांमधला फरक एखाद्या अंशाचाही नसतो.

ऑगस्टमध्ये एक दिवस साठीच्या आसपासच्या एक बाई पिस्तूल घेऊन आल्या. पती त्याच हिवाळ्यात वारले होते. पिस्तूल त्यांचे होते आणि आता ते मुलाला द्यायचे होते. मुलगा, सून आणि दोन लहान नातवंडे त्यांच्याच घरी राहतात. मुलाने मैदानावर नेऊन ते भरले, तर वरचा भाग पुढे सरकताच घोडा आपोआप खाली आला आणि अर्ध्यावरच्या खाचेत अडकला. ती खाच त्यासाठीच असते. ती नसती तर काय झाले असते, हे सांगायला नको. बाई म्हणाल्या, थोडे तेलपाणी करून द्या. आणि मग त्यांनी एक वाक्य जोडले: चापाचे काम त्यांच्या पतीने स्वतःच्या हातांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केले होते, तेव्हा ते शक्यतो तसेच राहू द्या.

पर्यटकाच्या व्हिसावर आलेल्या परक्या माणसाने बंदूक वा काडतूस बाळगणे, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर, तेथील कायद्याला मान्य नाही. माझे शेजारी याबाबत माझ्या मुलीहूनही कडक होते. मी पिस्तुलाला कधी बोट लावले नाही. पण घोडा आणि खटका सोडवून ते एका पट्टीवरच्या दोन पिनांवर, पिस्तुलात असतात तेवढ्याच अंतरावर मांडले, म्हणजे त्यांची पकड बाहेरून भिंगाखाली पाहता येते. ते त्यांनी मला पाहायला दिले. खटक्याच्या टोकावर इतकी सुंदर झळाळी मी क्वचितच पाहिली असेल. त्या माणसाने कित्येक संध्याकाळी त्यावर घालवल्या असल्या पाहिजेत. आणि ते टोक नदीतल्या गोट्यासारखे गोल होते. दोन दातांपैकी एकावरच ते टेकत होते, दुसऱ्याखालून दिव्याचा उजेड स्पष्ट दिसत होता. दात मोजले; बारा थाऊ भरले. घोड्याला अंगठ्याने पुढे ढकलून पाहताच तो निसटला.

हे सारे जिगवर चढवून पुन्हा सरळ करता येणार नाही का, असे मी विचारले. उत्तर मला ठाऊकच होते. दगड काढू शकतो, घालू शकत नाही. बारा थाऊंतून आणखी तीन काढून सपाटी आणली असती, तर उरलेल्या नऊ थाऊंवर दोन नातवंडांच्या घरात ते पिस्तूल कोण ठेवील?

त्यांनी बाईंना बोलावून घेतले. पतीने वाईट काम केले, असे ते बोलले नाहीत. भाग झिजले आहेत आणि नवे घातल्याशिवाय मी हे पिस्तूल जोडून हाती देणार नाही, एवढेच म्हणाले; नको असेल तर सुटे करून पिशवीत घालून देतो, सोबत तसे लिहून देतो. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग उठून निघून गेल्या. मला वाटले, त्या आता हे दुसऱ्या कोणाकडे नेतील. शेजाऱ्यांनाही तेच वाटले असावे, कारण त्या दिवशी त्यांनी दुसरे काम हाती घेतले नाही. गिऱ्हाईक गेले याचे त्यांना काही नव्हते. गावात न विचारता तेलपाणी करून देणारेही होते.

आठवड्याने त्यांचा होकार आला. नवा घोडा आणि नवा खटका जिगवर चढले. दोन दिवसांचे काम ते चार दिवस करीत होते. दात वीस थाऊ, दोन्ही सारखे. निळाई दोन्हीकडून एकदम गेली तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवली. चापाला वजने टांगली. साडेचार पौंडांना तो सुटला. घरच्या पिस्तुलाला याहून कमी नाही, असा त्यांचा नेम. अंगठ्याने ढकलून पाहिले, एकदा नव्हे, वीसेक वेळा. मग मैदानावर नेऊन प्रथम एकेकच गोळी भरून तपासले. बाई पिस्तूल न्यायला आल्या तेव्हा जुने दोन्ही भाग एका लखोट्यात घालून त्यांच्या हाती दिले. लखोट्यावर तारीख लिहिली होती आणि मापे नव्हती. मापे लिहायची त्यांची रोजची सवय मला माहीत होती, म्हणून ते माझ्या ध्यानात आले. बाईंनी लखोटा उघडून खटका तळहातावर घेतला, खिडकीकडे धरला, आणि किती चमकतो पाहा, असे म्हणाल्या. आम्ही दोघांनीही हो म्हटले. ते खरेच होते.

रात्री जेवताना हे मी मुलीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. ‘पप्पा, तुमचे अर्धा मिलिमीटर मला पटते,’ ती म्हणाली, ‘पण आमच्याकडे जी माणसे येतात त्यांतली बहुतेक बिघडलेल्या पिस्तुलाने जखमी झालेली नसतात. चांगल्या चाललेल्या पिस्तुलानेच होतात.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना मी तिचे म्हणणे सांगितले, तेव्हा तेही काही वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तिचे बरोबर आहे. म्हणून तर मी तिच्या वाटणीचे काम वाढवत नाही एवढे पाहतो. नातू चौदा वर्षांचा आहे. त्याला त्या गॅरेजमध्ये जाण्याची फार ओढ. आईने परवानगी दिली ती एका अटीवर: घरच्या सुऱ्या घेऊन जायचे, धार लावायला शिकायचे आणि परत यायचे. शेजाऱ्यांनी ती अट अक्षरशः पाळली. सुऱ्यांचा धडा असेल त्या दिवशी टेबलावर बंदुकीचा एकही भाग नसे.

निघताना त्यांनी मला भंगाराच्या डब्यातला एक झिजका खटका आठवण म्हणून देऊ केला. तो मी घेतला नाही. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात आणि परवान्यावाचून दुरुस्तीही करता येत नाही. मुंबईच्या विमानतळावर तांदळाएवढ्या टोकाच्या पोलादी तुकड्याचे स्पष्टीकरण देत बसण्याचे माझे वय राहिलेले नाही. त्यांना ते पटले. मग त्यांनी खोक्यातून आर्कन्सॉचा एक दगड काढला, फडक्यात गुंडाळला आणि दिला. तो आता वसईला आहे. आमच्या घरची मासळी कापायची विळी त्यावर तयार होते. दगडाला पाणी लावावे, तेलाचा वास बोंबलाला येतो, असे घरच्या मंडळींचे म्हणणे आहे. मी तेलच लावतो आणि पाते नंतर राखेने घासून देतो.